तिसरी खुंटी

मी एक जुनी खुंटी आहे, असं मला बघणारा कुणीही म्हणेल. मित्रांनो, ते खरं नाही. मला घडवून अजून दोन वर्षंही झालेली नाहीत.

गिटारच्या डोक्याला सहा खुंट्या असतात. त्या पिळल्या की तारा ताणल्या जातात आणि सूर जुळतो. त्यातली तिसरी मी. आतून पितळेची, वरून निकेलचा मुलामा. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात तोंड दिसत होतं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या खणात, कागदाच्या पुडीत मी पडून होते.

एका सकाळी एक नळदुरुस्तीवाला गिटार घेऊन आला. गिटार त्याच्या बायकोची. ती पुढच्या खोलीत मुलांना शिकवायची. तिला जाऊन वर्ष झालं होतं. मुलीने बजावलं होतं, "बाबा, गिटारला हात लावू नका. मी येऊन घेऊन जाईन." म्हणून तो नुसती धूळ पुसायचा. एकदा तिसरी तार सैल दिसली. त्याने खुंटी पिळून बघितली, ती अडकली होती. अडकलेल्या वस्तूवर त्याला एकच उपाय ठाऊक. त्याने पकड लावली आणि खुंटी मोडली.

"काका, नळ समजलात काय?" कारागीर म्हणाला.

"नळ मोडला नसता."

"बरं. नवी बसवतो."

"नवी दिसायला नको. रविवारी मुलगी येतेय. तिला कळता कामा नये."

"मग मोडलेली द्या. ती बघून तशीच करतो."

"टाकून दिली."

टाकली नव्हती. ती त्याच्या खिशातच होती, हे मला पुढे कळलं.

कारागिराने उरलेल्या पाच खुंट्या बघून काम सुरू केलं. आधी चार स्क्रूंसोबत कापडी पिशवीत घालून मला खळखळवलं, म्हणजे बारीक पोचे पडले. मग सँडपेपरने चमक उतरवली. मग बंद डब्यात दोऱ्याने टांगलं. खाली एका झाकणात व्हिनेगर होतं. त्यात बुडवायचं नाही, नुसती वाफ लागू द्यायची. दोन दिवसांत मी राखाडी झाले. शेवटी त्याने खाचांत बुटाचं तपकिरी पॉलिश भरलं. तो झाला माझा मळ. मग मला गिटारवर बसवलं.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. धातूला काही वाटत नाही. मला न्यायला आलेल्या त्या माणसालाही फारसं काही वाटत असेल असं दिसलं नाही. "जमलंय," एवढंच म्हणाला, आणि गिटारची पिशवी हातात धरून बराच वेळ दुकानात तसाच उभा राहिला.

रविवारी मुलगी आली. तिने गिटार मांडीवर घेतली. तिची नजर माझ्यावरून सरळ पुढे गेली. कारागीर हुशार होता. मग सूर लावायला तिने हात वर नेला. सवयीने आधी तिसरीकडेच. तीच तार सारखी उतरायची आणि आई तीच सारखी पिळायची. मुलीचा अंगठा माझ्यावर थांबला.

"बाबा, ही कुठली?"

"तीच."

"तिच्यावर आईच्या अंगठ्याचा खळगा होता."

त्याने खिशातून मोडकी खुंटी काढून पुढे धरली. एका बाजूने मुलामा गेला होता. तिथे पिवळं पितळ दिसत होतं, अंगठ्याएवढं.

"कारागिराने मागितली होती. नाही दिली. म्हटलं, हिलाही घासून ठेवेल."

"पकड लावलीत ना?"

"अडकली होती."

"एक फोन करायचात."

"तू हात लावू नका म्हणाली होतीस."

मुलीने त्या पितळावर अंगठा टेकवला. मग म्हणाली, "न फिरवल्यामुळेच अडकली असेल. ही मी नेऊ? गिटार राहू दे तुमच्याकडे. रोज या नवीला थोडं पुढे फिरवायचं, थोडं मागे. बोटांनी."

"सूर बिघडेल."

"बिघडू दे. फोनवर तार ऐकवा. मी सांगीन चढली की उतरली."

त्याने मोडकी खुंटी लगेच सोडली नाही. मग सोडली.

आता तो रोज सकाळी हत्यारांची पिशवी उचलण्याआधी मला फिरवतो. त्याच्या अंगठ्याची कातडी जाड आहे. बुटाचं पॉलिश केव्हाच निघून गेलं. राखाडी रंगात एका कडेला ठिपका उजळला आहे. मला अजूनही काही वाटत नाही.

मित्रांनो, घरातल्या माणसामागे राहिलेली वस्तू जपायची म्हणून नुसती ठेवून देऊ नका. तिला हात लावा. नाही जमलं तर चुकीचा लावा, पण पकड आणू नका.

माझं पितळ दिसायला बरीच वर्षं लागतील. आज सकाळी तिसरी तार उतरली होती. त्याने फोन लावायच्या आधीच ती चढवली.