यंत्राला टोपी

मैदानावरच्या हवा मोजायच्या यंत्राची देखभाल माझ्याकडे. काम म्हणजे काय, जाळी पुसायची आणि फाटकावरचा बोर्ड चालू आहे ना ते बघायचं. हवा बरी असली की बोर्ड हिरवा, वाईट असली की लाल. पण मोठ्या सामन्याला बोर्ड लाल झाला तर पुढचे सामने दुसरीकडे जाणार, म्हणून साहेबांनी युक्ती काढलेली. यंत्र ज्या नळीतून हवा ओढतं तिच्यावर रबराचं झाकण बसवायचं. यंत्र आतलीच हवा मोजत बसतं, बोर्ड दिवसभर हिरवागार. "टोपी घातली का?" असं साहेब विचारायचे आणि आम्ही खो खो हसायचो. तेव्हाच कुणीतरी माझं थोबाड फोडायला हवं होतं.

माझी ताई तिथेच प्रेक्षकांच्या गॅलऱ्या झाडायची. तिला दमा. बोर्ड लाल असेल तर कामाला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाकी कुणी त्या बोर्डाकडे ढुंकून बघत नाही. ही बाई मात्र रोज फाटकात थांबून, मान वर करून तो वाचायची. वर सगळ्यांना सांगत सुटायची, माझ्या भावाचं यंत्र आहे म्हणून. तिला खरं सांगायची माझी कुठली छाती! टोपीच्या दिवशी मी काहीतरी थाप मारून तिला घरीच बसवायचो.

अंतिम सामन्याला तिची सुट्टीच होती. मी निर्धास्त झाकण लावलं. दुपारी आमचा संघ जिंकला आणि लोकांच्या अंगात आलं. रंगीत धुराच्या नळकांड्या काय, फटाके काय, बाहेर तुंबलेल्या गाड्यांचा धूर काय, समोरचा माणूस दिसेना. मी आपला खोलीत पंखा लावून बसलो होतो.

तिथे ताईबरोबर झाडणारी एक बाई धावत आली. दुसऱ्या एकीच्या मुलीला ताप होता, म्हणून तिच्या जागी ताई सकाळीच आली होती, आणि मला पत्ताच नाही. धूर वाढला तेव्हा या बाईने तिला बाहेर चल म्हटलं होतं. ताई म्हणाली, धूर नुसता रंगाचा आहे गं, बोर्ड हिरवा आहे, माझ्या भावाचं काम चोख असतं. आणि झाडत राहिली.

इस्पितळात तिने मला जवळ बोलावलं. नाकावरचा मास्क बाजूला सारून एकेक शब्द ओढत म्हणाली, "तुझं यंत्र बिघडलंय रे. साहेबांना कळायच्या आत दुरुस्त कर. सगळं तुझ्यावर येईल."

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं.

"बघतो, ताई," एवढंच मी म्हणालो.

तिला हायसं वाटलं. माझा हात थोपटून तिने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. यंत्रानेच दगा दिला, असं समजून गेली.