ऑपरेशन: नाही

थोरलीचा डावा हात आठ महिन्यांपासून खांद्याच्या वर जात नव्हता, आणि का जात नाही ते कुणालाच सांगता येत नव्हतं. एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, शेवटी त्या बोगद्यासारख्या यंत्रात पाऊण तास निजवून फोटो काढले. सगळे रिपोर्ट स्वच्छ. एखाद्याचं हाड मोडलं तर प्लास्टर तरी दिसतं, लोक उठून खुर्ची देतात. हिच्या दुखण्याला दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, त्यामुळे चार जणींत त्याला 'नाटक' म्हणायला फार दिवस लागले नाहीत.

ती सोफ्याच्या खोळी शिवणाऱ्या कारखान्यात कटर होती. बावीस वर्षं एकाच टेबलापाशी. जाड कापडाचा तागा उलगडायचा, डाव्या हाताने लांबवर ताणून धरायचा आणि उजव्या हाताने कात्री चालवायची. शिलाईला पंचवीस जणी होत्या, पण कापायचं टेबल एकच, आणि त्या टेबलाचा तिला बऱ्यापैकी तोरा होता. आता हात पुढे नेला की खांद्यात कळ यायची. मागे नेऊन एप्रनची गाठसुद्धा मारता यायची नाही. ती गाठ रोज सकाळी धाकटी मारायची.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघी एका घरात राहायच्या, एका कारखान्यात जायच्या, एका डब्यातलं जेवायच्या. धाकटीला ही नोकरी थोरलीनेच लावून दिली होती. आठ महिने तागे फळीवरून काढून टेबलावर आणायचं काम धाकटीच करत होती, तेही कुणी न सांगता. सख्ख्या बहिणी अशा नसतात, असं लोक म्हणायचे. थोरलीला ते ऐकून बरं वाटायचं आणि ती ते लपवायचीही नाही.

मग एक दिवस साहेबांनी तिला आत बोलावलं. तुमच्या हाताबद्दल कानावर आलंय, म्हणाले. कुणाकडून, ते काही सांगेनात. कारखान्याच्या ओळखीच्या फिजिओबाईंकडे जा, त्या तपासून लिहून देतील. खरंच काही असेल तर बघू. नसेल तर त्यानंतरच्या सोमवारपासून तुम्ही खोळींच्या घड्या घालायला, आणि टेबल चष्मिष्टाकडे.

चष्मिष्ट म्हणजे वर्षभरापूर्वी आलेला मदतनीस कटर. हाताने चपळ, तोंडाने जवळजवळ मुका. थोरलीने मनात हिशेब जुळवला: टेबल कुणाला मिळणार, तर याला. मग साहेबांचे कान कुणी भरले असणार? तीन आठवडे ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तो न चुकता तिच्यापुढे चहाचा कप ठेवायचा आणि ती तो साय धरेपर्यंत तसाच राहू द्यायची. घरी येऊन ती त्याच्या नावाने बोटं मोडायची. धाकटी मान खाली घालून ऐकून घ्यायची.

बाईंची वेळ मिळाली ती तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारची, तेव्हा ती गेली. बाई वयाने लहान, नखं बारीक कापलेली, हात गार. त्यांनी आधी फॉर्म वाचला. मधुमेह: नाही. पडझड: नाही. ऑपरेशन: नाही. मग त्यांनी थोरलीला वाकायला लावलं, वळायला लावलं, हात वर करायला लावलं. हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथे अडला. थोरलीला वाटलं, आता खांदा दाबणार, सगळे दाबतात. बाई खांद्याकडे गेल्याच नाहीत. त्यांनी तळहात तिच्या डाव्या कुशीवर ठेवला आणि थांबल्या.

"हे काय आहे?"

"ऑपरेशनचा वण आहे तो."

"फॉर्मवर तर नाही लिहिलंय."

"ते माझं नव्हतं," थोरली म्हणाली. "दिराचं होतं."

ती लपवत नव्हती, खरंच तिला तसं वाटत होतं. नऊ वर्षांपूर्वी दिराच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. धाकटीचं रक्त जुळेना, थोरलीच्या नवऱ्याला मधुमेह, सासू म्हातारी. थोरलीचं जुळलं. तिने डावी किडनी दिली, पंधरा दिवस पडून राहिली आणि सोळाव्या दिवशी टेबलापाशी हजर झाली. घरात त्याला 'भाऊजींचं ऑपरेशन' म्हणायचे, म्हणून तीही तेच म्हणायची. आजारी ते होते, ती कुठे आजारी होती? याआधीच्या तीन डॉक्टरांनाही तिने हेच उत्तर दिलं होतं आणि त्यांनी पदर काही उचलून पाहिला नव्हता.

बाईंनी तिला समजावून सांगितलं. स्नायूंवर एक पांढरं, चिवट आवरण असतं, त्याला फॅशिया म्हणतात. ते एकेका स्नायूपुरतं नसतं, अंगभर जोडलेलं असतं. कंबरेपासून पाठीवरून काखेत आणि काखेतून दंडापर्यंत त्याची सलग ओढ जाते. मोठी चिरफाड झाली की कधी कधी ते आवरण वणापाशी हळूहळू, वर्षांनीसुद्धा, चिकटून बसतं. मग हात उचलायला गेलं की खालून कुणी धरून ठेवल्यासारखं होतं. कळ खांद्यात येते आणि खांद्याच्या फोटोत काहीच दिसत नाही. नेहमी असंच असतं असं नाही, बाई म्हणाल्या, पण आपण बघू.

त्यांनी वणाच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकली, कातडी हलकेच वर सरकवून धरली आणि म्हणाल्या, "आता उचला."

हात वर गेला. कानापर्यंत गेला, कानाच्याही वर गेला. थोरली आपल्याच हाताकडे बघत राहिली. बावीस वर्षं ती शिकाऊ पोरींना सांगत आली होती की खोळीला सोफ्याच्या हातापाशी चुणी पडली तर तिथला टाका उसवू नका, बैठकीच्या मागच्या कोपऱ्यात बघा, ओढ तिथे असते. स्वतःच्या अंगाला तिने हे कधी लावून पाहिलं नव्हतं. तिला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. आता तिला खोटं कोण म्हणणार होतं?

बाईंनी तिला पाणी दिलं. मग जरा घुटमळून कारखान्याकडून आलेलं पत्र काढलं. तुमच्याबद्दल मला आधी काय कळवलंय, ते तुम्हाला माहीत असावं, म्हणाल्या, आणि वाचून दाखवलं: "सदर महिला घरी डाव्या हाताने वजन उचलतात. गेल्या महिन्यात सासू न्हाणीघरात पडल्या, तेव्हा त्यांनी एकटीने दोन्ही हातांनी उचलून त्यांना बाहेर आणलं. माहिती घरातल्याच व्यक्तीकडून मिळाली आहे."

थोरलीने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. त्या दिवशी घरात पुरुष कुणी नव्हतं. सासू बेशुद्ध होती. न्हाणीघराच्या दारात, हातात बादली घेऊन, धाकटी उभी होती. उचललं होतं, खरंच उचललं होतं. पुढे दोन दिवस हातात कप धरवेना, तेव्हा धाकटीनेच तिच्या तोंडाशी चहा धरला होता. पत्रात त्या कपाचा उल्लेख नव्हता.

इतका जिव्हाळा दाखवून असा केसाने गळा कापायचा? पदर सावरायला हात मागे नेला तेव्हा थोरलीला दुखलं की नाही, तेही कळलं नाही. शनिवार-रविवार ती घरात पडून राहिली. डोकं दुखतंय, एवढंच म्हणाली. धाकटीने तिच्या कपाळाला बाम चोळला आणि थोरलीने तो चोळू दिला, साहेबांना सांगणारी बाई ती हीच, असं स्वतःला पटवून घ्यायला.

सोमवारी साहेबांनी फिजिओबाईंचा रिपोर्ट वाचला. दुखणं खरं आहे, कारण जुना वण, उपचार दोन महिने. टेबल तुमचंच, म्हणाले, तागे चष्मिष्ट आणून देईल. थोरली बाहेर आली. खुंटीपाशी धाकटी रोजच्यासारखी एप्रन घेऊन उभी होती.

"काय म्हणाले?"

"खरं आहे म्हणाले. किडनी काढली तिथून हात धरलाय." थोरलीने एप्रन तिच्या हातून घेतला आणि गळ्यात अडकवला. "सासूबाई पडल्या तेव्हा घरात तू आणि मीच होतो."

धाकटीचा चेहरा उतरला, पण ती नाही म्हणाली नाही. "मी खोटं काय सांगितलं? उचललंत ना तुम्ही?"

"आणि नंतर कप कुणी धरला माझ्या तोंडाशी?"

धाकटीने इकडेतिकडे पाहिलं. मग बोलली ती हळू, शिलाईच्या यंत्रांच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल इतकी. "आठ महिने तागे ओढतेय मी, ताई. माझी कंबर गेली. कुणाला सांगू? माझ्या नवऱ्याला जिने जगवलं तिला नाही म्हणायची मला सोयच नाही. घरात नाही, इथे नाही. वाटलं, तुम्ही घड्यांवर गेलात तर निदान तागे तरी सुटतील."

"मी कधी बोलून दाखवलं का तुला?"

"कधीच नाही," धाकटी म्हणाली. "एकदा बोलून दाखवलं असतंत तर भांडता तरी आलं असतं."

कंबर गेली म्हणून एका शब्दाने सांगितलं असतं तर थोरलीने सगळं टेबल सोडलं असतं, हे तिला आतून पक्कं ठाऊक होतं. धाकटीने तिला ते सांगितलंच नाही, साहेबांना जाऊन दुसरंच सांगितलं. धाकटीचे हात सवयीने बंदांकडे आले. थोरलीने पाठ फिरवली, बंद लोंबते तसेच घेऊन टेबलापाशी गेली आणि चष्मिष्टापुढे उभी राहिली.

"तुमचा चहा मी मुद्दाम गार होऊ देत होते," ती म्हणाली. "माझं चुकलं. जरा ही गाठ मारता का?"

त्याने हात पँटला पुसले आणि गाठ मारली. त्याला अंदाज नव्हता, गाठ फार घट्ट आणि एका बाजूला बसली, नेमकी वणावर. थोरलीने ओठ आवळले.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

"दुखतंय," थोरली म्हणाली. खुंटीपाशी धाकटी अजून तशीच उभी होती, दोन्ही हात अर्धवट पुढे. थोरलीने तिच्याकडे पाहिलं. "पण राहू दे."