राणीचं जेवण

जव्हारजवळ दाभोशाला, नदीकडे उतरणाऱ्या वळणावर हरेशशेठचं रिसॉर्ट आहे. तिथल्या काचेच्या पेटीत राणी राहते. राणी म्हणजे परदेशी जातीची अजगरीण, तीन हातांहून थोडी कमी लांब, मनगटाएवढी जाड. आपल्या रानातले साप पाळायला बंदी आहे. ही बाहेरची, रीतसर कागद केलेली.

राणीच्या जेवणाचं काम सुकीकडे होतं. भातकापणी झाली की पाड्यांवरची माणसं बांध खणून उंदीर धरतात. एकाने बिळाच्या एका तोंडाशी धूर करायचा, दुसऱ्याने दुसऱ्या तोंडाशी पोतं धरून बसायचं. घरी भाजून खायला उंदीर होतात, बिळात साठवलेल्या लोंब्याही मिळतात. त्यातलाच एक उंदीर दर दहा दिवसांनी सुकी राणीसाठी आणायची, मारलेला, पण अंगात ऊब असलेला.

हे सगळं शेठनंच तिला शिकवलं होतं, आणि त्याला शिकवता छान येत असे. साप जिभेनं वास घेतो. राणीच्या ओठांवर बारीक खळगे आहेत, त्यांना ऊब कळते, म्हणून थंड उंदीर ती हुंगते आणि सोडून देते. आधी दात रोवून धरते, मग विळखा घालते, आणि डोकं शोधून तिकडून गिळायला लागते, म्हणजे पाय आणि केस उलटे अडकत नाहीत.

"आणि एक ध्यानात ठेव," शेठ म्हणाला होता. "खाल्ल्यावर दोन दिवस तिला उचलायचं नाही. घाबरली की पळायला अंग हलकं करते. खाल्लेलं सगळं बाहेर टाकते."

सुकीनं ते ध्यानात ठेवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिची लेक हर्षाली रिसॉर्टवर खोल्या झाडायला येत होती. जव्हारच्या कॉलेजात बारावीला होती पोर. एके दिवशी शेठचं घड्याळ दिसेना. शेठनं हर्षालीला गेटवर उभं केलं, तिची पिशवी भर रस्त्यात उपडी केली. गेटसमोरच पाड्यांकडे जाणारी प्रवासी जीप थांबते, तेव्हा माणसांना काही तोटा नव्हता. पिशवीतून फणी, वही आणि भाकरीचं फडकं निघालं. तरी शेठ म्हणाला, "कुठेतरी लपवलं असेल. या पोरींना सवयच असते."

चौथ्या दिवशी घड्याळ शेठच्याच गाडीत, सीटखाली सापडलं. वॉचमन मंगळूनं ते स्वतः काढून दिलं. शेठनं ते मनगटावर बांधलं आणि कुणाला काही बोलला नाही; सुकीला ते मंगळूकडूनच कळलं. हर्षालीनं कॉलेज सोडलं. सूर्यमाळला मावशीकडे गेली ती खाली यायला तयार होईना. "घड्याळवाली आली, असं म्हणतात गं आई," एवढंच सांगायची.

सुकी मात्र कामावर येत राहिली.

"तुला लाज कशी नाय वाटत, सुकीबाय?" मंगळूनं एकदा विचारलं.

"वाटते ना," सुकी म्हणाली. "पण मला जवळ राहायचं हाय."

जानेवारीतल्या एका रविवारी ठाण्याचे पंचवीस पाहुणे यायचे होते. शेठ राणीला गळ्यात घालून फोटो काढून घेणार होता. तिच्या जेवणाची पाळी सोमवारी होती, म्हणजे रविवारी पोट रिकामं, असा त्याचा अंदाज.

रविवारी सकाळीच सुकी पेटीपाशी गेली. चिमट्यात गरम उंदीर धरून तिनं राणीपुढे हलवला. राणीनं झडप घातली. तो पोटात उतरल्यावर सुकीनं दुसरा पुढे केला, पहिल्याहून मोठा. राणी जरा थांबली, मग तोही घेतला. सुकीला तिची दया आली. तुझं काय गं यात, असं मनात आलं. पण पेटीचं दार तिनं लावून घेतलं. राणी पेटीतल्या मडक्यात शिरून वेटोळं करून बसली.

चार वाजता पाहुणे अंगणात पेटीसमोर जमले. जीपची वाट पाहणारी माणसंही कुंपणाला नाकं लावून उभी राहिली. शेठनं बोलता बोलता मडक्यात हात घातला, राणीला न पाहताच ओढून काढलं आणि गळ्यात घातलं. पांढरा शर्ट होता. मोबाईल वर झाले, दोनतीन बायका किंचाळल्या. राणीचं अंग आकसलं, मान लांब झाली, जबडा फाकला.

एक उंदीर शेठच्या खिशावर पडला, दुसरा पोटावरून घसरत चपलेवर. त्या वासानं पुढची रांग मागच्या रांगेवर कोसळली. कुंपणाबाहेर कुणीतरी खो खो हसलं, आणि मग सगळेच हसले.

"हिला खायला कुणी घातलं?" शेठ ओरडला.

सुकी पुढे झाली. तिनं राणीला अलगद त्याच्या गळ्यातून उतरवून घेतलं.

"मी घातलं, शेठ. दोन. मुद्दाम घातलं." ती शांतपणे म्हणाली. "मी केलं ते मी चार माणसांत सांगते. आता तुम्ही केलं ते तुम्ही सांगा. घड्याळ कुठं सापडलं?"

शेठ शर्ट अंगापासून लांब धरून उभा होता. मंगळू खाली बघत होता, पण हलला नाही. पाहुण्यांचे मोबाईल अजून वरच होते.

"गाडीत," शेठ पुटपुटला.

"कुणाच्या?"

"माझ्या. सीटखाली होतं. तिनं नव्हतं घेतलं."

"तिचं नाव घ्या. आणि तिकडं तोंड करून बोला. जीपवाल्यांना ऐकाया येत नाय."

शेठ कुंपणाकडे वळला. "हर्षालीनं घेतलं नव्हतं," तो मोठ्यानं म्हणाला.

सुकीनं ओल्या फडक्यानं राणीचं तोंड पुसलं, तिला पेटीत ठेवलं. "आता पंधरा दिवस हिला काय देऊ नका. मंग उंदीर तुमचे तुम्ही धरा." एवढं सांगून ती गेटबाहेर पडली.

जीप भरत होती. हर्षालीच्या पिशवीची गोष्ट दिवाळीत पाड्यापाड्यांवर पोचवणारी रखमी आत बसली होती, आणि तिचा फोन कानाला लागलाही होता. "अगं ऐकलंस का, त्या सुकीच्या पोरीनं नव्हतंच घेतलं." सुकीला पाहून ती थबकली.

सुकी तिला सरकवून शेजारी बसली.

"थांबलीस का? सांग," ती म्हणाली. "सगळं सांग. शर्टाचंबी सांग."