शालीकराम गुरुजींच्या छातीतली गाठ

गोरेगावच्या बाजारात त्या दिवशी भाजीवाल्यासुद्धा टोपल्या उघड्या टाकून पिंपळाखाली धावल्या होत्या. तिथं बिनचाकूचे महाराज नुसत्या बोटांनी माणसाच्या अंगातून रोग उपसून काढत होते!

"काया काटूंगा नहीं, रोग छोडूंगा नहीं!" महाराज गरजले, की शेपाचशे हात जोडले जात.

आणि रांगेत सातवे, नारळ घेऊन, शालीकराम गुरुजी उभे होते. होय, तेच. अंगारेधुपाऱ्यांची वर्गात टिंगल करणारे. ओळखीचा विद्यार्थी दिसला की नारळ धोतराच्या सोग्यात लपवत होते. शेजारी बायको अनुसयाबाई उभी होती.

गुरुजींची धाप काही केल्या थांबेना, म्हणून गेल्या पंधरवड्यात ते नागपूरला गेले होते. डॉक्टरांनी हृदयाभोवती साचलेलं पाणी सुईनं काढलं, तपासलं. गुरुजींनी खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितलं, "हृदयाला कर्करोगाची गाठ आहे. फार दुर्मीळ. मी स्वतः हा दुसराच रोगी पाहतोय. किरणांचा उपचार करू. बरे व्हाल असं म्हणत नाही. काही महिने, फार तर वर्ष मिळेल. सोमवारी या."

जन्मभर पोरांना 'खरं बोला' म्हणून छड्या मारणाऱ्या गुरुजींची, खरं ऐकल्यावर, पाचावर धारण बसली. सोमवार आला नि गेला.

महाराजांनी त्यांना चटईवर निजवलं. पोटाला हळद चोळली. ओल्या कापसाचा बोळा छातीखाली दाबला, बोटं रोवली, आणि लालभडक ओघळ वाहिला! पाठोपाठ काळपट मांसाचा गोळा बाहेर आला.

"ये देखो, मास्टरजी की मौत! अब डाक्टर के पास गये, तो लौट आयेगी."

गुरुजी उठून बसले. छातीभर श्वास घेतला. खरंच मोकळा! वयानं निम्म्या असलेल्या महाराजांच्या पायावर डोकं ठेवून ते ढसढसा रडले.

गोळा ताटात घालून लोकांत फिरवला जात होता. अनुसयाबाईंनी तो बोटानं दाबून पाहिला.

"अजी, हे तं बकऱ्याची तिल्ली व्हय, खाटकाकडे भेटते ते."

"गप! माझ्या छातीतून निघाली."

"तुमच्या छातीत बकरा कवा घुसला?"

"मग श्वास कसा मोकळा झाला?"

"नागपूरहून आले तवापासूनच मोकळा हाय. पानी काढलं ना डाक्टरनं! रोज घोरून राहिले सुखानं."

बाईंनी महाराजांची कापसाची टोपली सरळ उपडी केली. दोन बोळ्यांतून आणखी दोन तिल्ल्या घरंगळल्या. गुरुजींनी ओला कापूस हुंगला. चुन्याचं पाणी! पोटावरची हळद बोटानं घेऊन कापसावर घासली. कापूस लाल झाला. हाच प्रयोग ते दरसाल सहावीला करून दाखवत.

गुरुजी आधी पांढरेफटक पडले, मग हसत सुटले.

"लोकहो, पोटाच्या वळीत बोटं दुमडली, बोळ्यातली तिल्ली काढली, हळदीला चुना लावला. झालं ऑपरेशन! सहावीच्या पोराला कळलं असतं, तुमच्या गुरुजीला कळलं नाही. काऊन? गुरुजी भेला होता."

तोवर महाराज झोळी उचलून मोटारीकडे पळाले होते.

रांगेतली रुख्मा रडकुंडीला आली. "मंग माझ्या मालकाले कोठी नेऊ, गुरुजी?"

"माझ्यासंगं. उद्याच निघू."

रुख्माच्या नवऱ्याच्या पोटात गळू होतं. नागपूरला चाकूनं कापून निघालं, अन् पुढच्या हंगामात तो भाताच्या रोवणीला उभा राहिला. "माझ्या गाठीशी अदलाबदल करतोस का?" गुरुजी त्याला चिडवत. त्यांची गाठ काही गेली नाही. किरणं घेतली, दोनदा सुईनं पाणी काढलं, आणि चौदा महिने ते जगले. त्यातले अकरा महिने शाळेत.

शेवटच्या दिवसांत कुणी भेटायला आलं, की ते आपलीच फजिती रंगवून सांगत, अगदी नारळासकट. लोक हसून दमले, की म्हणत, "भ्याव वाटलं तं वाटू द्या. मलेही वाटते. पण इलाज सोडा म्हननाऱ्याले इचारा, 'काऊन सोडू? अन् तुझ्या हातातला तो बोळा आधी उकलून दाखव.'"