वस्तादांची उतरण

"किती मजले म्हणालात?" डॉक्टरबाईंचं पेन थांबलं.

"चार. चढायला लिफ्ट असायची हो. फक्त उतरायचं. सावकाश, एका पायरीला चार आकडे मोजून. रोज तीन फेऱ्या, दीड वर्ष."

हे सांगताना वस्तादांचा आवाज जरा फुललाच होता. पंचवीस वर्षं वजनं उचलायला शिकवत आलेला माणूस. वर जाणं कुणालाही जमतं, खरी ताकद उतरताना कळते, असा त्यांचा खाक्या. शेकडो पोरं त्यांनी अशी उतरवून घडवली होती. मग नऊ वर्षांचा पोटचा पोरगा सारखा धडपडतो म्हटल्यावर ते दुसरं काय करणार?

"आणि पोटऱ्या बघा ना त्याच्या," ते म्हणाले. "माझ्या चांगल्या तयार पोरांच्याही तशा नाहीत. पायात दम आहे. नुसता आळस."

डॉक्टरबाईंनी अहवाल त्यांच्यापुढे सरकवला. पलीकडे बायको बसली होती. तिनं तो वाचला नाही. ती नवऱ्याकडेच बघत होती.

"पोटऱ्या बळानं फुगलेल्या नाहीत. स्नायू झिजून तिथे चरबी भरत गेली आहे," बाई म्हणाल्या. "मूल पोटात असतानाच जनुकं काही पेशींना हुकूम देतात, तुम्ही स्नायू व्हा. मग त्या पेशी एकमेकींत मिसळून लांब धागे तयार होतात. इथपर्यंत तुमच्या मुलाचं सगळं नीट झालं. पण धागा ताणला गेला तरी फाटू नये म्हणून त्याला आतून सांभाळणारं एक प्रथिन लागतं. ते कसं बनवायचं हे सांगणारं जनुकच तुटलेलं आहे. त्यामुळे धागे फाटतात, आणि पुन्हा विणायचं काम शरीराला पुरत नाही."

"मग व्यायाम वाढवू."

"नाही. सगळ्यात जास्त ताण उतरताना येतो."

वस्तादांच्या कानशिलाची शीर ताडताड उडू लागली. या बाईला काय कळतंय? हिनं कधी बादली तरी उचलली असेल का? पण अहवालावरचे आकडे काही त्यांच्या पोरांसारखे खाली मान घालून उभे नव्हते.

"हे आलं कुठून?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक वेळा आईकडून येतं. कधी नव्यानंही घडतं. ते तपासावं लागेल. पण त्यात आईचा दोष काहीच नाही, एवढं लक्षात ठेवा."

पहिलं वाक्य वस्तादांनी ऐकलं, पुढची सोयीनं ऐकली नाहीत. बाहेर रस्त्यावर येईपर्यंत त्यांना कसाबसा दम निघाला.

"तुझ्या माहेरचं दिसतंय हे. आधी सांगायचं होतं."

बायको थांबली. लग्नाच्या पंधरा वर्षांत तिनं त्यांना उलटून उत्तर दिलं नव्हतं असं नाही, पण ती उत्तरं भांड्यांच्या आवाजात निघून जायची. आज भांडी नव्हती.

"जनुक माझं असेलही," ती म्हणाली. "जिने कुणाचे होते?"

"मला काय माहीत होतं?"

"मला तरी कुठे होतं? मी फक्त म्हणत होते, अहो, पोरगं रडतंय. तुम्ही म्हणालात, रडू दे, रडण्यानं छाती रुंद होते. साऱ्या जगाला उभं राहायला शिकवता, आणि लेकरू पडतंय ते दिसलं नाही तुम्हाला."

ती पुढे चालू लागली. वस्ताद मागून. आपण नेमके कुणावर चिडलोय, हे त्यांना धड ठरवता येईना. बाईंवर, बायकोवर, वर बसून सगळं बघणाऱ्यावर. देवाला त्यांनी मनातल्या मनात चांगलंच सुनावलं. एवढा बारीक धागा विणलास, मग त्याची गाठ मारायला विसरलास कसा रे? आणि दर दहा पावलांनी राग वळून त्यांच्याच अंगावर यायचा.

घरी पोरगा जमिनीवर बसून चित्रं रंगवत होता. शेजारच्या काकू त्याच्यावर लक्ष ठेवून होत्या. ही दोघं आलेली पाहून त्या उठून गेल्या.

"बाबा, कालची एक फेरी राहिली होती ना," पोरगा घाईनं म्हणाला. "ती मी सकाळीच केली. आई अंघोळीला गेली तेव्हा. काकूंना विचारा हवं तर."

बायकोनं तोंडावर पदर धरला आणि स्वयंपाकघर गाठलं.

वस्ताद त्याच्यासमोर मांडी घालून बसले. "आता फेऱ्या नाहीत."

"का? मी आळशी नाहीये."

"नाहीस. कधीच नव्हतास. तुझ्या पायांत जन्मापासून एक गोष्ट कमी आहे. मला ती कळली नाही. मी चुकलो."

पोरानं रंगाची कांडी खाली ठेवली. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. अगदी बापासारखा, आधी कान, मग गाल.

"मग तुमच्या सगळ्या पोरांसमोर मला आळशी का म्हणालात?"

वस्तादांनी ती कांडी उचलून त्याच्यापुढे धरली.

"मला नाही बसायचं तुमच्याजवळ."

तो उठू लागला. आधी हातांवर भार टाकून त्यानं ढुंगण वर उचललं. मग गुडघ्यांवर हात टेकायची वेळ आली तसा तो अडला. हात टेकून उठायचं नाही, हा त्या घरातला कायदाच होता. तो तसाच वाकून थरथरत राहिला.

"टेक," वस्ताद म्हणाले. "हात टेकून ऊठ."

"तुम्ही बघू नका."

वस्तादांनी भिंतीकडे तोंड केलं. मागे एक तळहात गुडघ्यावर पडला. मग दुसरा. मग जरा वर, मांडीवर. मग तो घसरला आणि पुन्हा टेकला. त्यांच्या दंडांतली सगळी ताकद पोराला उचलायला धावत होती. त्यांनी हात पाठीमागे घेतले, एकमेकांत घट्ट अडकवले आणि भिंतीकडे बघत बसून राहिले.