सोडायचा राहून गेलेला रोजा

मित्रांनो, मोटारीचं बॉनेट उघडलं की लोक इंजिनाकडे बघून "वा!" म्हणतात. त्या इंजिनाला चिकटून बसलेला, दोन मुठींएवढा, पेट्रोलचा वास मारणारा मी कुणाच्या खिजगणतीतही नसतो. नसू द्या. इंजिनाला घास भरवतो तो मीच! पेट्रोलमध्ये हवा मिसळायची आणि त्याचा बारीक फवारा इंजिनाच्या तोंडी द्यायचा, हे माझं काम. घास मोठा झाला तर इंजिनाला ठसका लागतो, लहान झाला तर त्याचे पाय लटपटतात. मी कार्ब्युरेटर. राहणार हरार, तुमच्यापासून समुद्रापलीकडचं एक डोंगरी शहर; मुक्काम इस्कंदरची पांढरी टॅक्सी.

जन्म मात्र फ्रान्समधला. वितळलेला धातू साच्यात ओतून मला घडवलं आणि अंगात केसासारख्या बारीक वाटा कोरल्या. पोटात पितळेचा पोकळ फ्लोट बसवला. तो पेट्रोलवर तरंगतो आणि पोट भरलं की वरची वाट बंद करतो, त्यामुळे मला अधाशीपणा करायची सोयच नाही. पण खरं महत्त्व जेटचं. जेट म्हणजे पितळेचा छोटासा स्क्रू, मधोमध भोक असलेला. किती पेट्रोल जायचं ते त्या भोकावर ठरतं. असा नटूनथटून मी मोटारीत बसलो, जहाजाने जिबुतीला उतरलो, आगगाडीने दिरे दावाला आलो आणि घाट चढून हरारच्या वेशीत शिरलो.

इस्कंदरने टॅक्सी घेतली तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या. शिंप्यांच्या गल्लीतून जाताना तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, "ऐका बरं! शिवणयंत्रं खडखडतायत, पण आमचं इंजिन ऐकू येतंय का? अहो, इंजिन नाही ते, मांजर निजलंय आत!" आम्ही किती नवऱ्या मुली सासरी पोचवल्या, किती बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, हिशेब नाही. इस्कंदरची बायको सामिया, तीही याच गाडीतून घरी आली. मी तर फुशारून गेलो होतो बाबा.

मग पेट्रोलची टंचाई आली. पंपावर रांगा, रांगेत भांडणं. तेव्हा ड्रायव्हर मंडळींनी एक युक्ती काढली. तांब्याच्या वायरीतला एक तंतू घ्यायचा आणि जेटच्या भोकात ओवून दोन्ही टोकं दुमडायची. भोक बारीक झालं की पेट्रोल कमी जातं. या प्रकाराला ते हसत हसत म्हणायचे, "गाडीला रोजा ठेवलाय."

इस्कंदरनेही ठेवला. तंतू ओवताना मला म्हणाला, "थोडी कळ काढ, राजा. टंचाई संपली की रोजा सोडू." मीही म्हटलं, हरकत नाही, अडीअडचणीला घरचंच माणूस उपयोगी पडायचं. पोटाला चिमटा घेऊन चाललो.

टंचाई संपली. पंपावर पेट्रोल मिळू लागलं. आणि इस्कंदर विसरला! साफ विसरला, मित्रांनो. तंतू तसाच राहिला.

पुढची वर्षं आठवली की अजून अंगावर काटा येतो. सपाटीवर कसंबसं निभायचं. चढ लागला की भुकेलं इंजिन हिसके द्यायचं, माझ्या तोंडून उलटे फटाके फुटायचे आणि गिऱ्हाइकं खाली उतरून ढकलायची. इस्कंदरने प्लग बदलले, बॅटरी बदलली. जो मेकॅनिक यायचा तो मलाच पिळायचा आणि वर म्हणायचा, "हा म्हातारा संपलाय." याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी! ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड दिलंय ते फक्त हवा घ्यायला. गिऱ्हाइकं हळूहळू तुमच्या देशातून आलेल्या तीनचाकी रिक्षांत बसू लागली.

शेवटी सामियाचा संयम सुटला. "तुमच्या टॅक्सीत बसायचं म्हणजे भाडंही द्यायचं आणि ढकलायचंही, असं म्हणतात लोक. भंगारवाल्याशी बोललेय मी. शनिवारी येतोय तो."

"अगं, याच गाडीतून तुला आणली होती," इस्कंदर काकुळतीला आला.

"आणली होती ना! आता तीच मला ढकलायला लावता." मग तिचा आवाज जरा उतरला. "हे बघा, गुरुवारी दिरे दावाला जायचंय, बहिणीचं बाळ बघायला. जाताना उतार आहे, कुणीही जाईल. येताना माझा पाय जमिनीला न लागता घाट चढलात, तर ठेवा गाडी. नाही तर शनिवारी तोंडातून ब्र काढायचा नाही."

भंगारात गाडी गेली म्हणजे मी पुन्हा भट्टीत. आणि इस्कंदर? या वयात त्याने दुसऱ्याच्या रिक्षा हाकायच्या?

त्याने बेलायनेशचं गॅरेज गाठलं. वडिलांमागे ती एकटीच ते चालवते. हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. "गाशे इस्कंदर," ती म्हणाली. थोरल्या माणसाला आमच्याकडे गाशे म्हणतात. "गाडी आणलीत की मयत? आवाज कसला हा?"

"कार्ब्युरेटर गेलाय गं. नवा बसव."

"नवा? झाडाला लागतात का या गाडीचे कार्ब्युरेटर?" तिने एक प्लग काढून उन्हात धरला. तो खडूसारखा पांढरा होता. "हे बघा. हे इंजिन आजारी नाही, उपाशी आहे."

"उपाशी कसं? टाकी गच्च भरलीय!"

"टाकी भरलीय हो. घास तोंडापर्यंत जात नाही त्याचं काय?"

तिने मला उतरवलं आणि एकेक स्क्रू काढून पेट्रोलच्या थाळीत न्हाऊ घातलं. वर्षानुवर्षांचा काळा चिकटा सुटला. फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरलंय का ते ऐकलं, मग गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं. धड होता. ड्रायव्हरने पाय दाबला की पेट्रोलची चूळ सोडणाऱ्या माझ्या छोट्या पंपाची कातडी वाटी मात्र वाळून पापड झाली होती. बकऱ्याच्या मऊ कातड्याची नवी वाटी तिने कापून बसवली. जाड कागद माझ्या अंगावर ठेवला आणि हातोडीने कडेकडेने टुकटुक ठोकत, सांध्यातून गळू नये म्हणून नवं गॅस्केट कापलं. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

इतक्यात सामिया थर्मास घेऊन आली. कॉफीच्या पानांचा दूध घातलेला चहा, आमच्याकडची कुती. बेलायनेशने शेवटी जेट सूर्याकडे धरलं, एक डोळा मिटला आणि तिचं तोंड बंद झालं.

"गाशे," ती हळूच म्हणाली, "हा रोजा कधीचा?"

इस्कंदरने पाहिलं. भोकात तांब्याचा तंतू चमकत होता. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! टंचाईतला. मीच घातला होता गं, मीच!"

"म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा!" सामिया उसळली. "स्वतःचा रोजा असला की संध्याकाळी मगरिबच्या अजानीआधीच यांचा हात खजुरावर. आणि या बिचाऱ्याला वर्षानुवर्षं उपाशी राबवलंत?"

"आम्ही ख्रिस्ती लोकही लांबलांब उपास धरतो," बेलायनेश म्हणाली, "पण सणाला सोडतो हो!"

तिने चिमटा पुढे केला. इस्कंदरने तंतू स्वतः ओढून काढला. "माफ कर रे," तो पुटपुटला. मला भरून आलं.

गाडी सुरू झाल्यावर बेलायनेशने माझा मिश्रणाचा स्क्रू आत फिरवला, इंजिन अडखळेपर्यंत. मग बाहेर काढला, ते डुलायला लागेपर्यंत. मग मधली जागा शोधत कान देऊन उभी राहिली. उभी गाडी बंद पडू नये म्हणून मागच्या मेकॅनिकांनी वाढवून ठेवलेला इंजिनाचा वेग उतरवला. इंजिन गुणगुणू लागलं.

गुरुवारी परतताना मागच्या सीटवर कलिंगडं होती आणि सामियाच्या पायांत ढकलायच्या वेळी घालायचे जुने बूट. तिचा अजून भरवसा नव्हता. डेंगेगोच्या घाटात सगळ्यात अवघड वळणावर पुढचा ट्रक अचानक रेंगाळला. आमचा वेग तुटला. गाडी उंचावर, हवा विरळ, उतार मागे ओढतोय. सामियाचा हात दाराच्या कडीवर गेला.

"बिस्मिल्ला," म्हणत इस्कंदरने गिअर उतरवला आणि पाय दाबला.

माझ्या नव्या कातड्याने पेट्रोलची चूळ सोडली. मोकळ्या जेटमधून धार आली. मी पोटभर घास दिला आणि इंजिनाने तो गिळून अशी उचल खाल्ली की ट्रक मागे पडला. सामियाने कडी सोडली. "हळू! कलिंगडं फुटतील," ती ओरडली, पण ओरडताना हसत होती.

माथ्यावर इस्कंदरने गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवून खाली उतरला. तो उतरेल आणि मी बंद पडणार नाही, असं कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. तो शेंगा घ्यायला निवांत चालत गेला. मी एकटा सांभाळत होतो, आणि पोट भरलेलं असताना ते काही कठीण नव्हतं.

गाडीत बसूनच सामियाने फोन लावला. "भंगारवाले भाऊ, शनिवारी येऊ नका. गाडी द्यायची नाही." मग शेंगा खात येणाऱ्या इस्कंदरकडे बघून म्हणाली, "विसराळू नवरा चालत असेल तर मात्र जरूर या."

मित्रांनो, काटकसर वाईट नाही. वाईट दिवसांत घरातलं कुणीतरी आपला घास कमी करतं आणि गाडा ओढतं. ते यंत्र असेल, जनावर असेल, माणूसही असेल. त्याची तक्रार तुम्हाला ऐकू येणार नाही. म्हणून बरे दिवस आले, की सगळ्यांआधी त्याच्यापाशी जा आणि विचारा, "तू जेवलास का?"