पुढची सीट

गौतमीनं पाकिटातून गोळी काढून सासूच्या तळहातावर ठेवली, पाण्याची बाटली उघडून दिली आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत ती समोरून हलली नाही.

"घ्या आत्या. अर्धा तास आधी घेतली की मळमळ होत नाही, शिरूरचा मेडिकलवाला म्हणाला."

भागुबाई गोळीकडं बघत राहिली. मळमळ तिला आयुष्यात कधी झाली नव्हती. एसटीच्या शेवटच्या बाकावर, मांडीवर पोर आणि पायाशी पिशवीत कोंबडी घेऊन ती मांडवगणला माहेरी जायची, तेही गाणी म्हणत. पण गेली दोन वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती, की मोटारीत मागं बसलं की माझ्या पोटात ढवळतं, मला पुढंच बसू द्या. आता सुनेनं आठवणीनं औषध आणलं, तर कुठल्या तोंडानं नको म्हणायचं?

"हिनं झोप येती का गं?"

"येऊ द्या की. पनवेलपर्यंत निवांत झोपा. तुम्हाला कुठं गाडी चालवायचीय?"

भागुबाईनं गोळी गिळली.

चौफुल्याच्या हॉटेलपुढं नुकतं उजाडत होतं. पनवेलला दिलेल्या थोरल्या लेकीनं फ्लॅट घेतला होता आणि आज अकराला तिथं बुद्धवंदना होती. त्यासाठी सतीश बायको-पोरीला घेऊन कालच शिरूरहून दौंडला आला होता. दोन वर्षांच्या छकुलीला कडेवर घेऊन तो चहा संपवत होता.

"आईची सीट रिझर्व्हेशनची हाय," तो गौतमीला म्हणाला. "आपण कायम वेटिंगला."

गौतमी हसली. भागुबाईही हसली. दुसरं काय करणार?

भागुबाईचा नवरा बन्सी तिकडं फडक्यानं सॅन्ट्रोची पुढची काच पुसत होता. काच स्वच्छच होती. छत्तीस वर्षं दौंडच्या रेल्वेत काढून तो इंजिन ड्रायव्हर म्हणून रिटायर झाला आणि फंडातून त्यानं ही गाडी घेतली. दौंडच्या बाजारात मात्र तो ती कधी काढत नसे. गर्दीत क्लच खराब होतो म्हणे. लांबचा रस्ता असला, की गडी पहाटे चारला अंघोळ करून तयार. सतीशला गाडी येत नव्हती. गौतमीला येत होती. निमोण्याच्या शाळेत ती शिक्षिका होती आणि मुख्याध्यापकबाईंना स्टेअरिंगची भीती वाटे, त्यामुळं शिरूर ते निमोणे त्यांची मोटार रोज हीच नेई-आणी. पण सासऱ्यानं तिला सॅन्ट्रोची चावी कधी दिली नाही. ते शेताकडेचं चालवणं वेगळं आणि हायवे वेगळा, असं त्याचं म्हणणं.

खरं काय ते बन्सी आणि भागुबाई दोघांनाच ठाऊक होतं. दोन वर्षांमागं पुण्याच्या डॉक्टरनं बन्सीचे डोळे तपासले. मोतीबिंदू नव्हता. डोळ्याचा पडदा खराब होत चालला होता. कडेचं दिसत राहील, पण मधलं, बरोबर समोरचं, पुसट होत जाईल, आणि गेलं ते परत यायचं नाही. मोटार चालवणं आजपासून बंद, असं डॉक्टरनं दोनदा बजावलं. येताना एसटीत बन्सी यवतपर्यंत डॉक्टरच्या कागदाची घडी घालत-उघडत बसला. मग म्हणाला, "पोरास्नी सांगायचं न्हाई." त्याच्याकडं बघून भागुबाईला व्हय म्हणण्यावाचून काही सुचलं नाही. त्या एका शब्दाचा तिला पुढं रोज पश्चात्ताप झाला.

त्यावर बन्सीनं काढलेली तोड इंजिनावरची होती. तिथं ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनी सिग्नल मोठ्यानं पुकारायचा असतो. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं, म्हणजे बघण्यात चूक राहत नाही. बन्सीनं बायकोला असिस्टंट केलं. रस्ता मोकळा तर हिरवा. पुढं वाहन असलं तर दोन पिवळे, ते जवळ आलं की एक पिवळा. थांबायचं तर लाल. पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याची नोकरीची खोड जात नाही आणि म्हातारी कौतुकानं साथ देते. सतीश कंपनीत मित्रांना ही गंमत रंगवून सांगायचा.

भागुबाईला त्यात गंमत वाटत नव्हती. पुढच्या सीटवर बसलं, पट्टा लावला, दार लागलं, की तिला डोळा मिटायची सोय नव्हती. रस्त्याकडेची शेतं, नदी, माणसं काही बघायची सोय नव्हती. नातीनं मागून हाक मारली तरी मान वळवायची नाही. घरी आल्यावर तिची मान दोन दिवस दुखायची आणि सून म्हणायची, पुढं बसून एसीचं वारं लागतं तुम्हाला. कधी कधी भागुबाईला नवऱ्याचा असा राग यायचा, की गाडी पंक्चर होऊन कायमची बसली तर बरं, असं मनात यायचं.

पुणं त्यांनी गर्दी व्हायच्या आत ओलांडलं. हडपसरचे खरेखुरे सिग्नल भागुबाईनं एकेक करून पुकारले आणि बन्सीनं परत म्हटले. एक्सप्रेस वेचा टोलनाका मागं पडला तेव्हा तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या.

"बघ सतीश," बन्सी खुशीत होता, "ऐंशीवर गाडी कशी बसती बघ. पाचवा टाकला की इंजिनाचा आवाज खाली येतोय. थरथर न्हाई, काय न्हाई."

"हलकी वाटती पण, आण्णा."

"हलकी हायच. मोठा ट्रक शेजारनं गेला की वाऱ्यानं जरा वढती. तेवढं हाताला कळतंय, आपण धरून ऱ्हायचं. ह्यो रस्ता म्हंजी रूळच रं. समोरनं कुणी यायचं न्हाई, मधी म्हस न्हाई, सायकल न्हाई."

"हिरवा," भागुबाई म्हणाली.

"हिरवा."

तिनं बांगडी मनगटात रुतवून बघितली. पदर तोंडावरून फिरवला. डांबराचा तो सरळ पट्टा, गाडीची एकसुरी घरघर, पोटात गोळी.

"पिवळा."

"पिवळा," बन्सी म्हणाला.

"हिरवा."

"हिरवा."

"मामा!"

ती किंकाळी गौतमीची होती. भागुबाईनं डोळे उघडले तेव्हा समोर एक बंद पडलेला ट्रक होता, त्याच्यामागं रस्त्यावर धोंडे मांडलेले आणि लिंबाची एक फांदी टाकलेली. बन्सीनं गाडी उजवीकडं घातली. फांदी भागुबाईच्या दाराला घासत मागं गेली. मागून येणाऱ्या मोटारीनं लांबलचक हॉर्न वाजवला. छकुली जागी होऊन रडायला लागली.

"काय ह्ये ट्रकवाले," बन्सी म्हणाला. "रस्त्यातच संसार मांडत्यात."

"आण्णांचा हात हाय म्हणून वाचलो," सतीश पोरीला थोपटत म्हणाला. "दुसरा असता तर गेलो होतो आपण."

भागुबाईनं रस्त्याकडेला खुणेचं काही दिसतं का बघितलं.

"कामशेतचा बोगदा गेला का रं?"

"कवाच गेला. तू घोरत होतीस."

म्हणजे टोलनाक्याच्या जरा पुढून इथवर. दहा-बारा किलोमीटर तरी सहज. एवढा वेळ तिनं काही पुकारलं नव्हतं, आणि बन्सी ऐंशीनं गाडी पळवत राहिला होता. बोगद्यातूनसुद्धा. शेजारून शब्द येत नाही हे त्याला कळलं नसेल, असं होणं शक्य नव्हतं. सिग्नलचा दिवा विझलेला असला तर तो लाल समजायचा, गाडी उभी करायची, मागं साहेब बोंबलला तरी चालेल. हे त्यानं स्वतःच्या निरोपसमारंभात छाती काढून सांगितलं होतं आणि पुढच्या रांगेत बसून तिनं टाळ्या वाजवल्या होत्या.

"अवो," ती त्याच्याकडं न बघता, हळूच म्हणाली, "माजा डोळा लागला तवा थांबला का न्हाई?"

"हळू बोल. मागं पोरं हायती."

"थांबला का न्हाई?"

"का थांबलो म्हणून सांगू त्यांना?" आणि थोड्या वेळानं, अगदी मऊ आवाजात, "आता नीट पुकार. घाट यायलाय."

लोणावळ्याची पाटी येऊन गेली. पुढं घाटात एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि ब्रेक दाबत उतरणारे मालाचे ट्रक. एकदा उतार लागला की थांबायला जागा नव्हती. भागुबाईनं मान वळवली. दोन वर्षांत पहिल्यांदा चालत्या गाडीत तिनं मागं बघितलं. छकुली परत झोपली होती. तिचं तोंड गौतमीच्या खांद्यावर उघडं पडलं होतं आणि ब्लाउजवर लाळेचा ओला डाग पसरला होता. गौतमी एका हातानं तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं पुढच्या सीटची कड घट्ट धरून बसली होती.

भागुबाईनं परत समोर बघितलं. रस्ता मोकळा होता. दूरवर एक वाहन नव्हतं.

"लाल," ती म्हणाली.

गाडी तशीच पळत राहिली.

"लाल," ती परत म्हणाली.

ह्या रस्त्यावर सिग्नल नसतो हे बन्सीला तिच्याइतकंच माहीत होतं. त्याचा जबडा हलला. अॅक्सिलरेटरवरचा पाय जागचा हलला नाही. आता हा ऐकत नाही, असं तिला वाटलं आणि तिनं दाराची कडी धरली.

"लाल," बन्सी म्हणाला.

त्यानं डावा इंडिकेटर दिला. चौथा, तिसरा, दुसरा. कडेचा पांढरा पट्टा त्याला नीट दिसत होता. त्या पट्ट्यापलीकडं त्यानं गाडी घेतली आणि उभी केली. एवढासाही हिसका बसला नाही. छकुली जागी झाली नाही.

"काय झालं?" सतीश पुढं वाकला. "आई, मळमळतंय का?"

शेजारून एक बस गेली आणि सगळी गाडी हलली.

"हिरवा?" बन्सीनं विचारलं.

"न्हाई."

दोन-तीन मोटारी गेल्या.

"भागू, हिरवा म्हण."

"न्हाई म्हणायची." तिनं हात लांबवून चावी फिरवली, काढली आणि खांद्यावरून मागं धरली. "गौतमी, पोरगी सतीशकडं दे. पुढं ये. गाडी तू चालव."

"मी? आत्या, पुढं घाट आहे."

"म्हणूनच."

गौतमीनं सासऱ्याच्या पाठीकडं बघितलं. ती पाठ हलत नव्हती. बन्सीचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, जसे ड्रायव्हिंग स्कूलवाले शिकवतात तसे, दहा वाजून दहा मिनिटांवर. मग त्यानं एक हात खाली घेतला. जरा वेळानं दुसरा.

"हिकडनं उतरा," भागुबाई खाली उतरून म्हणाली. "तिकडनं गाड्या येत्यात." तो गिअरच्या दांड्यावरून पाय काढत, कसाबसा तिच्या सीटवरून बाहेर आला. तिनं हात पुढं केला होता. तो त्यानं धरला नाही.

सतीश पोरीला घेऊन रस्त्याकडेला उभा होता. त्याला अजून सासू-सुनेचं काही तरी नवीन खूळ वाटत होतं.

"बरं, आई, तू पुढंच बस. मागं तुला तरास व्हायचा."

"तू बस पुढं."

"गोळी घेतली म्हणून का? आगं, ती किती येळ टिकणार?"

"गोळीचं काय न्हाई रं. मला मागं काय होत न्हाई. कवाच काय झालं न्हाई."

सतीश हसायला गेला. मग त्यानं वडलांकडं बघितलं. बन्सी मागचं दार उघडत होता. त्याचा हात हँडलच्या चार बोटं अलीकडं पत्र्यावर पडला, तिथं काही मिळेना म्हणून सरकत पुढं गेला आणि मग हँडल सापडलं. सतीशनं छकुलीला छातीशी घट्ट धरलं आणि तो पुढच्या सीटवर जाऊन बसला.

गौतमीनं आरसा नीट केला, दोनदा मागं वळून बघितलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. पहिल्यांदा जरा हिसका बसला. मग गाडी साठावर आली आणि तिथंच राहिली. बन्सी भागुबाईपासून लांब, दाराला चिकटून बसला होता. तिला त्याची कीव येत होती आणि रागही गेला नव्हता. पाय मात्र तिनं लांब केले होते.

घाट सुरू झाला. पुढं एक केशरी टँकर धिम्या गतीनं उतरत होता. गौतमीनं दुसरा गिअर टाकला.

"आण्णा," सतीश मागं न वळता म्हणाला. "पुढं काय चाललंय, दिसतंय का तुम्हाला?"

बन्सीनं मान किंचित भागुबाईच्या बाजूला कलती केली आणि वाट बघितली. टँकर चांगला पन्नास पावलांवर होता. शब्द तिच्या अगदी तोंडात आला होता. तिनं ओठ मिटून घेतले आणि खिडकीबाहेरच्या दरीकडं बघत बसली.

गौतमीनं ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला.

"न्हाई," बन्सी म्हणाला. "दिसत न्हाई, पोरा."